ब्राउझरमधूनच स्क्रीन आणि वेबकॅम रेकॉर्ड करायचंय? आधी आत काय चालतं ते बघू



नेट किंवा पेट झाली आहे, गाईड ठरले आहेत, विषय मात्र अजून हवेत आहे, अशा टप्प्यावरच्या मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "दहा मिनिटांचा व्हिडिओ मागितलाय. स्लाइड्स दिसल्या पाहिजेत, कोपऱ्यात चेहराही दिसला पाहिजे. लॅबच्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल करता येत नाही, पासवर्ड सिस्टीमवाल्या सरांकडे आहे. काय करू?"

उत्तर एका ओळीत द्यायचं तर: ब्राउझर उघडा. क्रोम, एज, फायरफॉक्स, जे असेल ते. स्क्रीन, कॅमेरा आणि माइक, तिन्ही रेकॉर्ड करायची सोय त्यात आधीपासून आहे. पण हे एका ओळीचं उत्तर घेऊन गेलेली अर्धी मंडळी दुसऱ्या दिवशी परत येतात, कारण कुणाच्या फाइलला आवाज नसतो, कुणाचा चेहरा तिसऱ्या मिनिटाला गोठलेला असतो, तर कुणाच्या परीक्षकांकडे फाइल उघडतच नाही. म्हणून 'या साइटवर जा, हे बटण दाबा' असं सांगण्याऐवजी आत काय चालतं ते सांगतो. ते एकदा कळलं की कुठे काय फसू शकतं याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल.

दोन नळ आणि एक बादली

ब्राउझरच्या दृष्टीने तुमची स्क्रीन आणि तुमचा कॅमेरा या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. जावास्क्रिप्टमध्ये कॅमेरा आणि माइक मागण्यासाठी एक फंक्शन आहे, गेटयूझरमीडिया. स्क्रीन मागण्यासाठी दुसरं, गेटडिस्प्लेमीडिया. हे दोन नळ समजा. त्यातून येणारा प्रवाह साठवणारी बादली म्हणजे तिसरी गोष्ट, मीडियारेकॉर्डर. इंटरनेटवर 'फ्री ऑनलाइन स्क्रीन रेकॉर्डर' म्हणून ज्या शंभर साइट्स सापडतात, त्यातल्या बहुतेक सगळ्या या तीन गोष्टींवर चढवलेलं रंगीत वेष्टन आहेत. ज्याला थोडंफार जावास्क्रिप्ट येतं त्याने चाळीस-पन्नास ओळींत स्वतःचा रेकॉर्डर लिहावा. एका संध्याकाळचं काम आहे.

स्क्रीनचा नळ तुलनेने नवा आहे. २०१९ मध्ये क्रोमची ७२वी आणि फायरफॉक्सची ६६वी आवृत्ती आली, तेव्हापासून कोणतंही एक्स्टेन्शन न टाकता साध्या वेबपेजला स्क्रीन मागता येऊ लागली. त्याच वर्षी सफारीतही ही सोय आली. पुढच्याच वर्षी टाळेबंदी लागली, यूजीसीने पीएचडीची मौखिक परीक्षा व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला परवानगी दिली, आणि 'शेअर स्क्रीन' हे शब्द आजीआजोबांच्याही तोंडी आले. मोबाइलच्या ब्राउझरवर मात्र हा नळ अजून चालत नाही. फोनवर स्क्रीन रेकॉर्ड करायची तर फोनचीच सोय वापरायची, त्यात ब्राउझरचा काही संबंध नाही.

कॅमेऱ्याची परवानगी एकदा दिली की ब्राउझर ती लक्षात ठेवू शकतो. स्क्रीनची परवानगी मात्र तो दर वेळी नव्याने विचारतो, आणि काय दाखवायचं ते तुमच्याच हाताने निवडायला लावतो. हे वैतागवाणं वाटतं, पण मुद्दाम तसं ठेवलं आहे. एखाद्या साइटला तुमच्या नकळत तुमची स्क्रीन बघता येऊ नये म्हणून. आणखी एक, हे सगळं फक्त सुरक्षित पानावरच चालतं, म्हणजे पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा असला पाहिजे. स्वतः लिहिलेलं पान तपासायचं असेल तर लोकलहोस्टवरून चालवा, ते चालतं.

टॅब, विंडो की अख्खी स्क्रीन?

परवानगीच्या चौकटीत तीन पर्याय येतात आणि घाईत सगळे 'एन्टायर स्क्रीन' निवडतात. माझं मत स्पष्ट आहे, टॅबवर भागत असेल तर टॅबच निवडा.

कारण अख्खी स्क्रीन म्हणजे खरोखरच अख्खी. व्हॉट्सअ‍ॅपचं नोटिफिकेशन, 'सर, माझा रिपोर्ट पाठवते' असा एखाद्या सहभागी व्यक्तीचा मेसेज तिच्या नावासकट, डेस्कटॉपवरच्या फोल्डरांची नावं, सगळं त्यात जातं. टॅब निवडला तर फक्त त्या टॅबचा मजकूर जातो, त्यावर तरंगणारं नोटिफिकेशन जात नाही. मग पीपीटी पॉवरपॉइंटमध्ये आहे, ती टॅबमध्ये कशी येणार? ती पीडीएफ म्हणून सेव्ह करा आणि ती पीडीएफ ब्राउझरमध्ये ओढून टाका. अ‍ॅनिमेशन जाईल. दहा मिनिटांच्या संशोधन सादरीकरणात अ‍ॅनिमेशन नसेल तर कुणाचं काही बिघडत नाही.

आवाजाचा घोळही इथेच होतो. टॅब निवडताना चौकटीत 'टॅबचा आवाजही शेअर करा' अशी खूण असते. ती नसेल तर टॅबमध्ये वाजणारा व्हिडिओ मुका रेकॉर्ड होतो. अख्खी स्क्रीन निवडली तर विंडोजवर क्रोम कॉम्प्युटरचा आवाज घेऊ शकतो. फायरफॉक्स स्क्रीनबरोबर आवाज घेतच नाही, फक्त माइक घेतो. आता गंमत अशी की टॅबचा आवाज आणि तुमचा आवाज हे पुन्हा दोन वेगळे प्रवाह, आणि बादलीला सहसा आवाजाचा एकच प्रवाह झेपतो. दोन्ही हवे असतील तर त्या वेबपेजने ते आधी एकत्र मिसळले पाहिजेत. चांगल्या साइट्स मिसळतात, कच्च्या साइट्स एक प्रवाह गुपचूप टाकून देतात, आणि कुठेही लाल अक्षरात चूक दाखवत नाहीत. म्हणून मुख्य रेकॉर्डिंगच्या आधी वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि ते हेडफोन लावून ऐका. बघू नका, ऐका. चित्र तर नेहमीच येतं.

मॅकबुक वापरणाऱ्यांनी हे आदल्या दिवशी करावं. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ब्राउझरला स्क्रीन रेकॉर्डिंगची वेगळी परवानगी द्यावी लागते आणि त्यानंतर ब्राउझर बंद करून उघडावा लागतो.

चेहरा का गोठतो

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण सर्वांत जास्त डोकेदुखी इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

बादलीत चित्राचा एकच प्रवाह जातो. मग स्क्रीन आणि कोपऱ्यातला चेहरा एकाच व्हिडिओत कसा दिसतो? वेबपेज एक अदृश्य कागद घेतं, ज्याला कॅनव्हास म्हणतात. त्यावर आधी स्क्रीनचं चित्र काढतं, मग कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र चिकटवतं. हे सेकंदाला तीसेक वेळा. रेकॉर्ड होतो तो हा कागद.

आता तुम्ही रेकॉर्डिंग सुरू करता आणि स्लाइड्सच्या टॅबवर जाता. म्हणजे रेकॉर्डरचा टॅब मागे जातो. मागे गेलेल्या टॅबचं काम ब्राउझर मंद करतो, बॅटरी आणि प्रोसेसर वाचवण्यासाठी. कागदावर चित्र काढणारा हातच आखडतो. परिणाम: आवाज अगदी व्यवस्थित, पण चित्र धक्के खात चालतं किंवा थांबतं. कॅमेरा बिघडलेला नसतो, इंटरनेटही 'स्लो' नसतं. काही साइट्सनी यावर उपाय शोधले आहेत, पण बाहेरून बघून ते कळत नाही.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला, रेकॉर्डर वेगळ्या विंडोत ठेवा आणि ती विंडो स्क्रीनच्या एका बाजूला दिसत राहील अशी ठेवा, पूर्ण झाकू नका. दुसरा आणि मला जास्त पसंत असलेला: कागद वगैरे भानगडच नको. कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू दाखवणारं कोणतंही पान उघडा, त्या व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'पिक्चर इन पिक्चर' निवडा (काही पानांवर दोनदा राइट-क्लिक करावं लागतं). तुमचा चेहरा एका छोट्या तरंगत्या चौकटीत येतो आणि सगळ्या विंडोंच्या वर राहतो. आता अख्खी स्क्रीन रेकॉर्ड करा. चेहरा स्क्रीनवरच आहे, त्यामुळे आपोआप रेकॉर्ड होतो. मात्र टॅब निवडलात तर ही चौकट येणार नाही. म्हणजे इथे वरचा सल्ला उलटा होतो: अख्खी स्क्रीन घ्यावी लागते, म्हणून नोटिफिकेशन बंद करणं आणि डेस्कटॉप मोकळा करणं आलंच.

आणि ज्यांना नंतर एडिटिंग करायचं आहे त्यांनी दोन्ही वेगळे रेकॉर्ड करावेत, स्क्रीनची एक फाइल, कॅमेऱ्याची एक. दोन्हीत माइकचा आवाज ठेवा आणि सुरुवातीला एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटरमध्ये दोन्ही टाळ्या एका रेषेत आणल्या की काम झालं. सिनेमावाले क्लॅप मारतात तो याचसाठी.

पवईकडून शिकण्यासारखं

घाटकोपर-मुलुंडकडून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीकडे जाताना मध्ये पवई लागते. तिथल्या आयआयटीत केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प सुरू केला. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला निधी मिळाला. सायलॅब, लाटेक, पायथन, लिनक्स, लिबरऑफिस असं मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, आणि ते सगळे स्क्रीन रेकॉर्डिंग. मराठीतही आहेत. तुम्ही थिसिस लाटेकमध्ये लिहिणार असाल तर तसेही ते बघाच, पण आज मला त्यांची रेकॉर्डिंगची पद्धत दाखवायची आहे. ब्राउझरमध्ये ही सोय येण्याच्या बऱ्याच आधी, रेकॉर्डमायडेस्कटॉपसारखी साधी साधनं वापरून त्यांनी ही पद्धत बसवली. साधन बदललं, पद्धत आजही तशीच्या तशी लागू पडते.

तिथे रेकॉर्डचं बटण सर्वांत शेवटी येतं. आधी स्क्रिप्ट लिहायची, तीही दोन रकान्यांत. डावीकडे स्क्रीनवर काय दिसणार, उजवीकडे त्या वेळी काय बोलायचं. मग विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाने त्या स्क्रिप्टप्रमाणे करून बघायचं. त्याला ते जमलं नाही तर स्क्रिप्ट दुरुस्त करायची. त्यानंतर रेकॉर्डिंग. आवाज चित्रापासून वेगळा काढता येतो, म्हणून तोच व्हिडिओ दुसऱ्या भाषेत डब होतो. स्क्रीनवरचा मजकूर इंग्रजीच राहतो, बोलणं मराठीत येतं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. उद्या नोकरीच्या ठिकाणी मेनू इंग्रजीतच दिसणार आहे, पण तो समजायला मात्र मराठीत मिळाला.

बघण्याची पद्धतही त्यांनी ठरवलेली आहे: स्क्रीनच्या एका अर्ध्या भागात व्हिडिओ, दुसऱ्या अर्ध्या भागात ते सॉफ्टवेअर, आणि थांबवत-थांबवत सोबत करत जायचं. आता विचार करा, तुमचा व्हिडिओ अर्ध्या स्क्रीनवर बघितला जाणार आहे. किंवा लोकलमध्ये उभ्याने, फोनवर. ग्राफच्या अक्षांवरची तुमची दहा पॉइंटची अक्षरं तिथे वाचता येतील का? रेकॉर्ड करण्याआधी ब्राउझर झूम दीडशे टक्के करा. कोडचा फॉन्ट वाढवा. कर्सर उगाच फिरवू नका.

वेळेचं म्हणाल तर, स्क्रिप्टचं एक पान घड्याळ लावून मोठ्याने वाचा. दहा मिनिटांत तुमची किती पानं होतात ते तिथेच कळेल. मनातल्या मनात वाचलेला वेग कामाचा नाही, तो नेहमी जास्तच असतो.

संशोधकाला हे लागतं कशाला?

सादरीकरणाचा व्हिडिओ हा उपयोगांतला सगळ्यांत किरकोळ. मोठा उपयोग नोंदवहीचा आहे.

समजा तुम्ही पेशींच्या प्रतिमा इमेजजेमध्ये मोजताय. थ्रेशोल्डची पट्टी माउसने सरकवली, डोळ्यांना बरं वाटलं तिथे थांबवली, पेशी मोजल्या. कोड लिहिला असता तर आकडा कोडमध्ये राहिला असता. माउसने केलेल्या कामाचा मात्र मागमूस उरत नाही. सात-आठ महिन्यांनी रिव्ह्यूअर विचारतो, थ्रेशोल्ड कसा ठरवला? तेव्हा स्मरणशक्तीवर विसंबून लिहिलेलं उत्तर आणि पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग बघून लिहिलेलं उत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्यांदा एखादं विश्लेषण नक्की करता तेव्हा एक नमुना रेकॉर्ड करून ठेवा, तोंडाने कारणं सांगत सांगत. ज्युनियर आला की त्यालाही तेच दाखवता येतं.

मानव-संगणक संवाद, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांत काम करणाऱ्यांना दुसरा उपयोग माहीत असेल: सहभागी व्यक्तीला काम करताना मोठ्याने विचार करायला सांगायचं आणि तिची स्क्रीन व चेहरा एकत्र टिपायचा. एरिक्सन आणि सायमन यांचं या पद्धतीवरचं पुस्तक १९८४ सालचं आहे, तेव्हा हे करायला टेपरेकॉर्डर लागायचा. आज सहभागी व्यक्तीने लिंक उघडली तरी पुरतं.

पण इथे दोन ठिकाणी सावध राहा. ब्राउझर माइकच्या आवाजावर स्वतःहून संस्कार करतो. प्रतिध्वनी काढतो, गोंगाट दाबतो, हळू आवाज वर उचलतो. व्हिडिओ कॉलसाठी हे उत्तम. पण तुमचा डेटाच आवाज असेल, म्हणजे पक्ष्यांचा आवाज, उच्चारांचा अभ्यास, यंत्राची घरघर, तर ब्राउझरने तुमच्या परवानगीशिवाय तुमचा डेटा बदलला असं समजा. ते संस्कार कोडमधून बंद करता येतात, नाहीतर सरळ वेगळा ऑडिओ रेकॉर्डर वापरा. दुसरं, या रेकॉर्डिंगमध्ये दर सेकंदाला ठरावीक संख्येने चित्रं असतातच असं नाही. स्क्रीन स्थिर असेल तर ब्राउझर चित्रं कमी पाठवतो. त्यामुळे 'बटण दाबायला सहभागी व्यक्तीला किती मिलिसेकंद लागले' असं काही या व्हिडिओवरून मोजू नका. 'आधी हे केलं, मग ते केलं' इतक्यासाठी तो भरवशाचा आहे.

फाइल कुठे जाते?

हा प्रश्न रेकॉर्ड दाबण्याआधी विचारायचा. काही साइट्स सगळं काम तुमच्या ब्राउझरमध्येच करतात, फाइल तुमच्या डाउनलोड्समध्ये पडते. काही साइट्स रेकॉर्डिंग स्वतःच्या सर्व्हरवर चढवतात आणि तुम्हाला लिंक देतात. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. ओळखायची सोपी युक्ती: पान उघडा, मग वायफाय बंद करा, आणि पंधरा सेकंद रेकॉर्ड करून सेव्ह करून बघा. जमलं तर काम स्थानिक आहे. नाही जमलं तर तुमचा अप्रकाशित ग्राफ कुणाच्या तरी सर्व्हरवर जाणार आहे. जास्त खोलात जायचं असेल तर एफ१२ दाबून नेटवर्कच्या खान्यात रेकॉर्डिंग चालू असताना काय बाहेर जातंय ते बघा.

तुमचा स्वतःचा चेहरा असेल तर हा तुमचा प्रश्न. सहभागी व्यक्तीचा चेहरा असेल तर नाही. आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं, तुमच्या संस्थेची एथिक्स कमिटी आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, सगळीकडे संमती हा शब्द येतो, आणि 'मुलाखतीला हो' म्हणजे 'व्हिडिओला हो' असं होत नाही. संमतीपत्रात स्क्रीन, चेहरा आणि आवाज यांसाठी तीन वेगळ्या ओळी ठेवा. अनेक ताई-दादा स्क्रीनला हो म्हणतात आणि चेहऱ्याला नाही. तो नकार मान्य करूनही अभ्यास होऊ शकतो, आणि दोन नळ वेगळे असल्याने कॅमेऱ्याचा नळ न उघडणं सोपं आहे.

दुसरी व्यावहारिक बाब. अनेक साध्या साइट्स शेवटी 'सेव्ह' दाबेपर्यंत सगळं रेकॉर्डिंग त्या टॅबच्याच ताब्यात ठेवतात. टॅब बंद झाला, लाइट गेले, कॉम्प्युटर अडकला, की सगळं गेलं. म्हणून तासाभराची मुलाखत एका दमात ब्राउझरमध्ये घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करा, आणि फोनवर वेगळा ऑडिओ चालू ठेवा. इन्स्टॉल करायची मुभा असेल तर लांब कामाला ओबीएस स्टुडिओ केव्हाही बरा, तोही मोफत आहे. उबुंटूवर तर स्क्रीन रेकॉर्डर आधीच बसवलेला असतो.

उपनगरातला आवाज

आपल्याकडे साउंडप्रूफ खोली कुणाकडे असते? घाटकोपरला डोक्यावरून विमानं उतरतात, बोरिवली-अंधेरीला रुळाजवळ घर असेल तर लोकलचा आवाज, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस, आणि घरात कुकर. महाग माइकपेक्षा फोनबरोबर आलेला वायरचा इअरफोन बरा, कारण त्याचा माइक तोंडाजवळ असतो. ब्लूटूथचा टाळा, माइक चालू झाला की अनेक ब्लूटूथ हेडफोनांचा आवाज फोनवर बोलल्यासारखा पसरट होतो. पंखा बंद, खिडकी बंद, कपाटाचं दार उघडून कपड्यांसमोर बसा. हसू नका, कपडे प्रतिध्वनी शोषतात. आणि विमान आलं तर बोलणं थांबवा, स्लाइड तशीच ठेवा, ते गेल्यावर वाक्य पहिल्यापासून म्हणा. मधला तुकडा कापणं सोपं असतं, वाक्याच्या पोटातलं विमान काढणं नाही.

पाठवण्याआधी

क्रोम आणि फायरफॉक्समधून मिळणारी फाइल बहुतेक वेळा वेबएम प्रकारची असते. ती तुमच्या ब्राउझरमध्ये छान चालते, पण परीक्षकांच्या जुन्या प्लेअरमध्ये चालेलच असं नाही. शिवाय रेकॉर्डिंग चालू असताना एकूण लांबी ब्राउझरलाच माहीत नसते, त्यामुळे अशा फाइलमध्ये अनेकदा लांबीची नोंद नसते आणि पुढे-मागे सरकवणारी पट्टी काम करत नाही. सातव्या मिनिटावरचा ग्राफ पुन्हा बघायचा असेल तर बिचाऱ्या परीक्षकांना सगळं पहिल्यापासून बघावं लागतं. हँडब्रेक किंवा एफएफएमपेगने एमपी४ करून घ्या, दोन्ही मोफत आहेत. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडलात तर एडिटरमध्ये आवाज आणि ओठ यांचा मेळही बिघडत नाही.

आकाराचा हिशोब आधी करा. रेकॉर्डिंग सेकंदाला २.५ मेगाबिट या वेगाने झालं असं धरलं तर मिनिटाला सुमारे १९ एमबी होतात, दहा मिनिटांना १९० एमबीच्या आसपास. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी. म्हणजे मेलने जाणार नाही, ड्राइव्हची लिंकच द्यावी लागणार. ती लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे त्याला बघता येईल' अशी केली आहे का, हे स्वतःच्या खात्यातून तपासू नका, तुम्हाला ती उघडणारच. इनकॉग्निटो विंडोत पेस्ट करून बघा. आणि फाइलचं नाव 'रेकॉर्डिंग फायनल नवीन २' असं न ठेवता आडनाव, विषय आणि तारीख असं ठेवा, कारण त्यांच्याकडे त्या दिवशी अशा चाळीस फाइली आलेल्या असतील.